रविवार की सोमवार? आठवडा मोजताना या चुका टाळा

मँचेस्टरहून लंडनचं तिकीट काढताना माझं बोट सवयीने चौथ्या रकान्यावर गेलं. चौथा म्हणजे बुधवार, हे घरच्या कॅलेंडरमुळे डोक्यात पक्कं. बुधवारी सामान घेऊन स्टेशनवर पोहोचलो, तर तिकीट गुरुवारचं! ब्रिटनमध्ये पहिला रकाना सोमवारचा असतो.

भाषा इंग्रजी म्हणून आठवडाही एकच, असं धरून चालू नका. अमेरिका आणि कॅनडात कॅलेंडर साधारणपणे रविवारपासून मांडतात; ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडमध्ये सोमवारपासून. त्यामुळे तारीख निवडताना रकाने मोजू नका, वरचं वाराचं नाव वाचा. आणि 'या आठवड्यातल्या रविवारी भेटू' असं तर लिहूच नका. अमेरिकन माणसासाठी तो होऊन गेलेला असतो, लंडनवाल्यासाठी यायचा असतो. सरळ तारीख टाका.

खरी डोकेदुखी आठवड्याच्या क्रमांकाची. एक्सेलचं 'वीकनम' (तारखेवरून आठवड्याचा क्रमांक देणारं सूत्र) काही न सांगता वापरलं, तर आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी कुठल्याही वारी आली तरी आठवडा पहिलाच. आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक मात्र सोमवारपासून मोजतं आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो, त्याला पहिला आठवडा म्हणतं. गंमत म्हणजे २०२६मध्ये सोमवार ते शनिवार दोन्ही आकडे जुळतात, फरक फक्त रविवारी पडतो. म्हणून शीट बरोबर आहे असंच वाटत राहतं. पण बुधवार, ६ जानेवारी २०२७ टाकून बघा: 'वीकनम' म्हणेल २, आयएसओ म्हणेल १. ब्रिटिश क्लायंटला 'वीक २'ची डिलिव्हरी कबूल केली असेल, तर झालाच घोळ. उपाय सोपा आहे: 'आयएसओवीकनम' वापरा, किंवा 'वीकनम'मध्येच तारखेपुढे २१ द्या.

कोड लिहिणाऱ्यांनी एवढं बघावं: जावास्क्रिप्टच्या 'गेटडे'मध्ये शून्य म्हणजे रविवार, पायथनच्या 'वीकडे'मध्ये शून्य म्हणजे सोमवार.

पगाराच्या हिशोबात मात्र भिंतीवरचं कॅलेंडर विसरा. अमेरिकेच्या ओव्हरटाइम कायद्यात कामाचा आठवडा म्हणजे सलग १६८ तास. तो कुठल्या वारी, किती वाजता सुरू होणार ते मालक ठरवतो. ब्रिटनचा कर-आठवडा ६ एप्रिलपासून मोजतात, मग वार कुठलाही असो. २०२५मध्ये तो रविवारी सुरू झाला, २०२६मध्ये सोमवारी.