आरोपी लॉकअपला घ्यायच्या आधीची तयारी: डीव्हीआरचं घड्याळ बघा

नवीन पीएसआय आणि ठाणे अंमलदारांसाठी लिहितोय. वाहन, गार्ड, पंच हे सगळ्यांना माहितीये, सोडून देतो. महिला असेल तर महिला अंमलदार सोबत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी.

पहिलं काम म्हणजे डीव्हीआरसमोर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या मशीनसमोर, जाऊन उभं राहा. कॅमेरे चालू दिसले म्हणून परत फिरू नका, स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ मोबाइलशी ताडून बघा. मागच्या वेळी आमचं हेच राहिलं. अटक मेमोवर 9.10, स्टेशन डायरीला 9.15, आणि फुटेजमध्ये तोच माणूस 8.20 ला गेटमधून आत येतोय. घड्याळ मागे पडलं होतं, बाकी काही नाही, पण कोर्टात प्रश्न आला की मधला पाऊण तास याला कशाच्या आधारावर बसवून ठेवला, आणि उत्तर खरं असून ते दाखवायला कागद नव्हता. लाइट जाते, आतला बटणासारखा सेल संपलेला असतो, घड्याळ मागे जातं, रेकॉर्डिंग मात्र चालूच राहतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फरक दिसला तर गुपचूप सेट करू नका! आधी किती मिनिटांचा फरक होता ते स्टेशन डायरीला घ्या, मग सेट करा, नाहीतर त्याआधीचं सगळं फुटेज संशयात जातं.

सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर 2020 मध्ये सांगितलंय की गेट, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, संडासाच्या बाहेर, सगळीकडे कॅमेरे हवेत, आवाजासकट, फुटेज 18 महिने, नाहीच जमलं तर निदान एक वर्ष. जबाबदारी ठाणे प्रभारींची. व्हेंडरला फोन केला होता हे उत्तर चालत नाही, लेखी कळवा, पोच ठेवा.

आता कागद. सीआरपीसीच्या जागी आलेली बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 1 जुलै 2024 पासून लागू आहे, कपाटातले जुन्या कलमांचे फॉर्म काढून टाका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर कलम 35 च्या नोटिशीवर, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगून, भागतंय का ते आधी बघा, भागत असेल तर लॉकअपची जोखीम घ्यायचीच कशाला. मेमोवर साक्षीदार आणि आरोपीची सही, अटकेची कारणं लेखी आणि त्याला कळेल त्या भाषेत, नातेवाइकांपैकी कुणाला किती वाजता कळवलं ते. ही वेळ कुणी भिंतीवरचं, कुणी मनगटावरचं बघून लिहितो, तसं नको, ठाण्यात एकच घड्याळ ठरवा आणि डीव्हीआर त्यालाच लावा.

मेडिकलला नेताना अंगावरच्या जुन्या जखमा आधी लिहून घ्या. बीपी, शुगर, फिट्स आणि दारू विचारा. दारूचं नक्की विचारा, कारण रोज पिणारा माणूस बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतो, बरळतो, त्याला नसलेलं दिसायला लागतं आणि गार्ड म्हणतो नाटक करतोय. नाटक नसतं ते, यात माणूस दगावतो, लगेच दवाखाना. एरवी कोठडीत दर 48 तासांनी मेडिकल, सुप्रीम कोर्टाच्या अटकेबद्दलच्या डी. के. बसू निकालापासूनचा नियम आहे.

लॉकअपला टाकताना बेल्ट, नाडी, लेस काढून पावती द्या. गार्डने चक्कर मारली की तेव्हाच नोंद करायची, सकाळी बसून रात्रभराच्या वेळा भरायच्या नाहीत. फुटेज आहे ना, घड्याळ बरोबर असेल तर खोट्या नोंदी उघड्या पडतात आणि चुकलेलं असेल तर खऱ्याही खोट्या दिसतात. म्हणून ड्यूटी बदलताना डीव्हीआरची वेळ बघून डायरीला एक ओळ, रोज.

पुढचं थोडक्यात. 24 तासांच्या आत कोर्ट, प्रवासाचा वेळ सोडून. रिमांड रिपोर्ट, केस डायरी, मेडिकल पेपर एका फाइलला. फुटेजची कॉपी लगेच काढा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) सर्टिफिकेट त्याच वेळी. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली तर जेलला ताबा देताना सही घ्या, काढून ठेवलेल्या वस्तूंची यादी सोबत.