मर्यादित बजेटमध्ये डीएसएलआर आणि लेन्स घेताना या चुका टाळा

बजेट ठरवून कॅमेरा शोधणारा माणूस सहसा आधी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) नक्की करतो आणि उरलेल्या पैशांत लेन्स बसवतो. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच क्रमात असते. बॉडीची तुलना करणे सोपे असते, कारण मेगापिक्सेल, स्क्रीनचा आकार, सेकंदाला किती फोटो निघतात, हे सारे आकड्यांत मांडलेले असते. लेन्सच्या बाबतीत एखादी लेन्स आपल्या बॉडीवर ऑटोफोकस करील का, घरातल्या दिव्यांच्या प्रकाशात तिचा उपयोग होईल का, खोलीत तिच्या मागे उभे राहायला जागा उरेल का, असे प्रश्न असतात आणि ते कोणत्याही तक्त्यात सापडत नाहीत. त्यामुळे सहज मोजता येते त्यावर पैसा खर्च होतो आणि फोटो बिघडतो तो न मोजलेल्या गोष्टीमुळे.

मेगापिक्सेलवर बजेट संपवणे

१८ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ५१८४ पिक्सेल असते आणि २४ मेगापिक्सेलच्या फोटोची ६००० पिक्सेल. म्हणजे आकडा एकतृतीयांशाने वाढला, तरी रुंदीत मिळणारा प्रत्यक्ष तपशील जेमतेम सोळा टक्क्यांनी वाढतो. १२ × ८ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायचा झाला, तर साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास पुरतात आणि फोरके पडद्यालाही तेवढेच लागतात. पक्ष्यांचे फोटो काढून ते मोठ्या प्रमाणात क्रॉप करणाऱ्याला जास्त मेगापिक्सेलचा खरा उपयोग होतो. इतरांनी या आकड्यासाठी दोन पिढ्या पुढची बॉडी घेण्याचे कारण नाही.

नवे मॉडेल म्हणजे अधिक सोयी, हेही गृहीत धरू नये. निकॉनच्या डी३३०० मध्ये बाहेरचा माइक जोडण्याची सोय आणि सेन्सर आपोआप साफ करण्याची यंत्रणा होती. २०१६ मध्ये आलेल्या डी३४०० मधून या दोन्ही गोष्टी काढून टाकण्यात आल्या. कॅननची ईओएस ४०००डी, जी काही देशांत ३०००डी या नावाने विकली गेली, तिच्यात लेन्स बसवण्याचा माउंट धातूऐवजी प्लास्टिकचा आहे आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवून घेण्याचे छोटे चाकही नाही. शिवाय ४०००डी, २०००डी आणि २५०डी या बॉडींच्या हॉट शूच्या (फ्लॅश बसवण्याच्या वरच्या खाचेच्या) मध्यभागी असणारा संपर्कबिंदू वगळलेला आहे, त्यामुळे केवळ त्या मधल्या पिनवर चालणारे इतर कंपन्यांचे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यांवर पेटतच नाहीत. स्वस्त बॉडी आणि स्वस्त फ्लॅश असा हिशेब मांडणाऱ्याने ही गोष्ट आधीच तपासावी.

लेन्स बसते म्हणजे चालते, असे समजणे

मर्यादित बजेटमध्ये सर्वाधिक पैसे वाया जातात ते येथे. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आलेला आहे, त्यामुळे जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसतात आणि सेकंडहँड बाजारात त्या स्वस्तही मिळतात. मात्र डी३००० ते डी३५०० आणि डी५००० ते डी५६०० या दोन्ही मालिकांच्या बॉडींमध्ये फोकस मोटर नाही. ५० मि.मी. एफ/१.८डी ही लेन्स फोकस करण्यासाठी बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असल्याने या बॉडींवर ती केवळ हाताने फोकस करावी लागते. डी९० किंवा डी७००० मालिकेच्या बॉडीवर हीच लेन्स व्यवस्थित चालते. म्हणून लेन्सवर एएफ-एस (मोटर लेन्समध्येच) लिहिलेले आहे की नुसते एएफ (मोटर बॉडीत हवी), हे वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. एएफ-पी लेन्सची अडचण नेमकी उलटी आहे. त्या नव्या असल्यामुळे डी३१०० किंवा डी५१०० सारख्या जुन्या बॉडींवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही, आणि त्यांची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक असल्याने हातानेही फोकस जुळवता येत नाही.

कॅननकडे गोंधळ कमी आहे. १९८७ पासूनच्या प्रत्येक ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या आतच असते. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की ईएफ-एस लेन्स फक्त छोट्या सेन्सरच्या बॉडींसाठी आहेत आणि फुल फ्रेम (मोठ्या, ३५ मि.मी. फिल्मच्या आकाराच्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर त्या बसतच नाहीत. निकॉनची डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची, लेन्स फुल फ्रेमवर बसते. पण तिच्यामुळे सेन्सरचा मधला भागच वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जेमतेम दहा मेगापिक्सेलचा फोटो हाती येतो. ‘पुढे फुल फ्रेम घेऊ’ या आशेवर आजच महागडी लेन्स घेणाऱ्यांना माझे सांगणे असे, की ती वेळ आली तर जुनी लेन्स विकता येते. आज लागणारा फोटो आजच्या बॉडीवर मिळाला पाहिजे.

पुढचा विचार करायचाच असेल, तर तो मिररलेसच्या, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, दिशेने करावा. निकॉनने २०२० मध्ये डी७८० आणि डी६ आणले, त्यानंतर तिचा नवा डीएसएलआर आलेला नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून तिच्या मिररलेस बॉडींवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मात्र मोटर नसल्यामुळे वर उल्लेखलेली डी प्रकारची लेन्स तेथेही हातानेच फोकस करावी लागते. डीएसएलआरचे युग ओसरत असताना नवा कोरा डीएसएलआर पूर्ण किमतीला घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्याउलट याच कारणामुळे चांगल्या स्थितीतला वापरलेला डीएसएलआर ही मर्यादित पैशांतली सर्वांत समंजस खरेदी ठरते.

किट लेन्सला नावे ठेवणे, किंवा तिच्याकडून सगळेच अपेक्षिणे

१८-५५ मि.मी. किट लेन्स (बॉडीबरोबरच विकली जाणारी) दिवसाउजेडी, एफ/८ वर, चांगला स्पष्ट फोटो देते. तिची अडचण सुरू होते ती संध्याकाळी घरात. ५५ मि.मी. वर तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र लहानच राहते; एफचा आकडा जितका लहान, तितके ते छिद्र मोठे. समजा दिव्याच्या प्रकाशात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० वर १/१५ सेकंद शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) मिळतो आहे. या वेगात हात स्थिर राहिला, तरी समोरचे मूल स्थिर राहत नाही आणि फोटो हलतो. त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते आणि शटर स्पीड १/१२५ सेकंदापर्यंत नेता येतो. बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही, आणि ५० मि.मी. एफ/१.८ ही जवळजवळ प्रत्येक कंपनीची सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते.

तरीही ‘सगळे ५० मि.मी. घेतात म्हणून आपणही’ हे तितकेसे बरोबर नाही. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे वर सांगितलेल्या छोट्या सेन्सरवर, ती कॅननमध्ये ८० आणि निकॉनमध्ये ७५ मि.मी. सारखी वागते. कॅमेरा उभा धरून प्रौढ माणसाचा डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो काढायचा, तर सुमारे चार मीटर मागे जावे लागते आणि तेवढी मोकळी जागा अनेक खोल्यांत नसते. ३५ मि.मी. लेन्सला पावणेतीन मीटर पुरतात. म्हणून लेन्स घेण्याआधी किट लेन्सचा झूम ३५ वर आणि नंतर ५० वर ठेवून आठवडाभर फोटो काढून पाहावेत. काहीही खर्च न करता उत्तर मिळते. आणखी एक गोष्ट: ५० मि.मी. लेन्स एफ/१.८ वर ठेवून एक मीटरवरून चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा केवळ अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. नाक स्पष्ट आणि डोळे धूसर, अशा फोटोंबद्दल लेन्सला दोष देण्याआधी अ‍ॅपर्चर एफ/२.८ वर आणून पाहावे.

किटबरोबर येणारी लेन्स नेमकी कोणती, हेही वाचून घ्यावे. कॅननची १८-५५ आयएससह आणि आयएसशिवाय, तर निकॉनची एएफ-पी १८-५५ व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय, अशा दोन्ही प्रकारांत मिळते; आयएस आणि व्हीआर ही हाताचा हलणे सावरणाऱ्या स्थिरीकरणाची त्या त्या कंपनीची नावे. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, फरक दिसतो तो लेन्सच्या नळीवरच्या दोन अक्षरांत. या दोन कंपन्यांच्या डीएसएलआर बॉडीत स्थिरीकरण नसते, त्यामुळे ते लेन्समध्ये नसेल तर कुठेच नाही. टेलिफोटोच्या (दूरचे जवळ दाखवणाऱ्या लेन्सच्या) बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे ठरते: २५० मि.मी. वर कॅननच्या क्रॉप बॉडीने स्थिरीकरणाशिवाय हातात धरून फोटो काढायचा, तर १/४०० सेकंदाच्या आसपास शटर स्पीड हवा. स्वस्त ७५-३०० आणि आयएस असलेली ५५-२५० यांत निवड करायची झाल्यास मी विचार न करता दुसरी निवडेन. वाढीव ५० मि.मी. साठी स्थिरीकरण गमावणे हा घाट्याचा सौदा आहे. अर्थात स्थिरीकरण आपला हात सावरते, पळणाऱ्या कुत्र्याला थांबवत नाही.

वापरलेली वस्तू न तपासता घेणे

शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा) विचारावा, पण त्याला सर्वस्व मानू नये. प्राथमिक (सर्वांत स्वस्त श्रेणीतल्या) बॉडींच्या शटरची चाचणी साधारण एक लाख वेळा उघडझाप होईल अशा हिशेबाने केलेली असते. पंचवीस हजार काउंटची, परंतु दमट कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॉडी साठ हजार काउंटच्या नियमित वापरातल्या बॉडीपेक्षा बरी असेलच असे नाही. सेन्सर पाहण्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून, फोकस बिघडवून, कोऱ्या कागदाचा फोटो काढावा. धुळीचे कण काळसर ठिपके होऊन दिसतात. ते साफ होतात, ओरखडे मात्र जात नाहीत.

लेन्स मागच्या बाजूने टॉर्च धरून आरपार पाहावी. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे, आणि कितीही स्वस्त असली तरी अशी लेन्स घेऊ नये. समोरच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही; त्याचा उपयोग भाव पाडण्यासाठी करून घ्यावा. मग मॅन्युअल मोडवर, एफ/१६ ठेवून, एकाच दृश्याचे सलग दहा फोटो काढावेत. त्यांतले काही अधिक उजळ आले, तर अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल उतरून ती अडखळत असण्याची शक्यता मोठी आहे. शेवटी वर्तमानपत्राचे पान भिंतीला लावून, कॅमेरा त्याला समांतर ठेवून फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच थोडे मऊ असतील, तर ती स्वस्त लेन्सची मर्यादा आहे. एकच कोपरा धूसर असेल, तर आतली काच जागची सरकलेली असू शकते.

धूसर फोटो आला की लेन्स बदलायला धावणे

आधी फोटोची माहिती उघडून शटर स्पीड पाहावा. सगळीच चौकट एका दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर हात हलला आहे. भिंत स्पष्ट आणि माणूस धूसर असेल, तर माणूस हलला आहे किंवा फोकस भिंतीवर गेला आहे. नव्या वापरकर्त्याच्या बाबतीत फोकस भिंतीवर जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कॅमेरा सगळ्या फोकस बिंदूंतून आपोआप निवड करत असतो. मधला एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरावा.

एवढे करूनही फोकस सातत्याने थोडा पुढे किंवा मागे पडत असेल, तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून तिरप्या ठेवलेल्या पट्टीवरच्या एकाच खुणेवर आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि मग लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करून फोटो काढावेत. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर ठरतो, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये तो मुख्य सेन्सरवर ठरतो. त्यामुळे दुसरा फोटो स्पष्ट आणि पहिला धूसर आला, तर लेन्सची काच चांगली आहे आणि बॉडी व लेन्स यांचा मेळ बसलेला नाही. हा फरक मेनूतून दुरुस्त करण्याची सोय कॅननच्या ७०डी, ८०डी आणि निकॉनच्या डी७००० मालिकेत आहे, प्राथमिक बॉडींत नाही. प्राथमिक बॉडी असेल, तर हे दोन्ही फोटो घेऊन लेन्स परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याकडे जावे, किंवा वॉरंटीत दोन्ही वस्तू एकत्रच सर्व्हिस सेंटरला द्याव्यात. नुसती लेन्स दिल्यास ती तपासून ‘दोष नाही’ म्हणून परत येऊ शकते.