वंशावळ शोधताय? या चुका टाळा

गेली तीस वर्षं मी घराण्यांचे आणि गावांचे जुने कागद वाचतोय. मदतीसाठी येणारी बरीच मंडळी एकच चूक करून आलेली असतात. कागदावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून घ्यायच्या आधीच त्यांनी त्याचा अर्थ लावलेला असतो. सगळ्यांत जास्त घोळ तारखांचा होतो, म्हणून तो आधी घेतो.

पेशवाईतल्या कागदांवर बहुतेक वेळा शुहूर सन, म्हणजे मृगापासून सुरू होणारं साल असतं, आणि तेही अरबी शब्दांत. आधी एकक, मग दशक, मग शंभर, मग हजार. 'सबा' म्हणजे सात, 'सबैन' म्हणजे सत्तर. 'सीत' सहा, 'सितैन' साठ. 'मया' शंभर, 'अलफ' हजार. इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

साताऱ्याकडच्या एका घराण्याचं काम माझ्याकडे होतं. वतनाच्या कागदाची टंकलिखित नक्कल त्यांच्या घरात होती. त्यावर सन 'सीत सबैन मया व अलफ', म्हणजे ११७६, इसवी सन १७७५-७६. कागदात मूळपुरुष स्वतः हजर. इकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत मात्र मुलाने शके १६९२ मध्ये, म्हणजे १७७०-७१ च्या सुमारास, त्याच मूळपुरुषाचं श्राद्ध केल्याची नोंद. वारलेला माणूस पाच वर्षांनी वतनाच्या कागदावर कसा येईल? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तेव्हा हा नातू असणार असं मी धरलं. नातू १७७५ मध्ये कर्ता पुरुष म्हणून बसवला, तर पुढच्या सगळ्या पिढ्या मागे सरकल्या, आणि मधली पोकळी भरायला मी एक जास्तीची पिढी घातली. आठ महिने त्यात गेले. अखेर मूळ कागद पाहायला मिळाला. मोडीत स्वच्छ लिहिलं होतं, 'सबा सितैन'. म्हणजे ११६७, इसवी सन १७६६-६७. नक्कल करणाऱ्याने सहा-सत्तर आणि सात-साठ यांची अदलाबदल केली होती. माणूस एकच होता आणि कागद झाला तेव्हा तो हयात होता. तोवर माझी चुकीची वंशावळ त्या घरातल्या चार भावांकडे पोचली होती. त्यातल्या एकाने ती फ्रेम करून देवघराशेजारी लावली होती. ती उतरवायला सांगताना मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून नकलेवर मी निष्कर्ष काढत नाही. वहीत डावीकडे तारीख कागदात आहे तशी लिहितो. शुहूर सन, 'छ' लिहून दिलेला चंद्र (म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख), तिथी, वार, जे असेल ते सगळं. इसवी सन उजवीकडे पेन्सिलने, आणि जंत्रीत, म्हणजे जुन्या तारखांच्या तक्त्यांत, वार-तिथी जुळली की मगच शाईने. शकाचंही तसंच. नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नका, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली आणि इसवी सन १७६१ च्या जानेवारीतली, हे ध्यानात ठेवलं की गल्लत होत नाही.

पानिपतचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'आमचे पूर्वज पानिपतावर पडले' हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. त्याचा मान राखतो, वहीत 'घरातली आठवण' म्हणून लिहितो. कागद मिळेपर्यंत ते वंशावळीत चढवत नाही.

दुसरी चूक नोंदीचा पत्ता न लिहिण्याची. पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी कागद आहेत, रुमालांत बांधलेले. वहीत नुसतं 'पेशवे दफ्तर' लिहून घरी गेलात तर तो कागद तुमच्या हातून गेलाच म्हणून समजा. मी आधी रुमालाचा क्रमांक लिहितो, मगच गाठ सोडतो. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांत लोकांची रीघ लागली, तेव्हा हीच घाई पुन्हा दिसली. गाव नमुना १४ मधल्या, म्हणजे कोतवाल बुकातल्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतल्या), आपल्याला हव्या त्या एका ओळीचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि निघायचं. गाव कोणतं, साल कोणतं, पान कितवं? काहीच नाही. आधी वहीच्या वेष्टनाचा फोटो काढा, मग अख्ख्या पानाचा, आणि शेवटी ओळीचा. पुढच्या-मागच्या पानावर चुलत घरं सापडतात, तीही बघा.

आडनाव एक म्हणून भाऊबंद मानू नका. गावावरून आणि हुद्द्यावरून पडलेली आडनावं जागोजागी आहेत. 'राणोजी बिन विठोजी' यातलं 'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. आजोबा-नातू एकाच नावाचे असल्यामुळे बापाचं नाव जुळल्याशिवाय माणूस जुळला असं म्हणायचं नाही.

दहा दिवसांच्या वर्गात मोडीची मुळाक्षरं येतात, कागद वाचता येत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नसतात, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. रोज एक पान, निदान दोन वर्षं. याला जवळची वाट नाही, आणि ती विचारणाऱ्यांना मी आता स्पष्ट तसं सांगतो.

गावातल्या वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, तेल, रंग किंवा तारेचा ब्रश लावू नका. कोरीव अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात आपोआप उठून दिसतात.

आणि कृपा करून घरातली म्हातारी माणसं आधी, दफ्तर नंतर. कागद आणखी दहा वर्षं थांबेल. आजीला 'कोणत्या साली?' असं विचारू नका, ती गप्प होते. 'तेव्हा दुष्काळ होता का? कुणाचं लग्न झालं होतं?' असं विचारा. एका आजींनी मला सांगितलं, 'मानमोडीत आई गेली तेव्हा धाकटा भाऊ रांगत होता.' मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ. भावाच्या जन्माचं साल जवळपास तिथेच मिळालं. मी वंशावळीकडे पाहिलं तर त्या आईच्या जागी नुसती रेघ होती, कारण तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. आजींना ते ठाऊक होतं. सासरचं, माहेरचं, दोन्ही. माहेरचं गावही त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात मी त्या गावचं कोतवाल बुक पाहायला गेलो.