स्प्रूस आणि बीच एकाच रानात: जर्मनीत वनशास्त्र शिकायला येणाऱ्यांसाठी

दापोली किंवा अकोल्याला बी.एससी. फॉरेस्ट्री करून पुढे जर्मनीत यायचं म्हणणारी मुलं अधूनमधून विचारत असतात. पहिला प्रश्न पैशांचा, दुसरा नोकरीचा. इथे नेमकं शिकायचं काय, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी शिकलो ग्योटिंगेन विद्यापीठात. इथल्या वनशास्त्रात गेली काही वर्षं बहुतेक चर्चा फिरून एकाच मुद्द्यावर येते: सूचिपर्णी आणि रुंदपर्णी झाडं एका रानात एकत्र कशी वाढवायची? महाराष्ट्रातून आलेल्याला यातला निम्मा भाग कोराच असतो. आपल्या जंगलांत सूचिपर्णी झाड मुळात नाही. मुरुड-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरचा सुरू दिसतो तसा, पण तो सूचिपर्णी नव्हे. त्याला फुलं येतात. त्यामुळे स्प्रूस, फर, पाइन आणि डग्लस फर हे चौघे नुसत्या फांदीवरून ओळखता येणं, हे पहिल्या सत्राचं काम समजा.

हा विषय एवढा तापला कशामुळे, हे समजायला ग्योटिंगेनजवळच्या हार्त्स डोंगरात जायला हवं. इथे शतकानुशतकं चांदीच्या खाणी चालल्या. भट्ट्यांच्या कोळशासाठी बीच या रुंदपर्णी झाडाची रानं तोडली गेली आणि उघड्या पडलेल्या उतारांवर स्प्रूस लावला गेला, कारण तो सरळ वाढतो, लवकर वाढतो आणि विकला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जिंकलेल्या देशांना द्यायच्या भरपाईपोटी पुन्हा तोड झाली, पुन्हा बराचसा स्प्रूसच लागला. निसर्गतः तिथला स्प्रूस डोंगराच्या वरच्या थंड पट्ट्यातला; खालचे उतार बीचचे. मग २०१८ ते २०२० असा सलग दुष्काळ पडला. निरोगी स्प्रूस साल पोखरणाऱ्या भुंग्याला डिंक सोडून बाहेर ढकलतो. पाणीच नसेल तर डिंकाला जोर येत नाही. बुंध्याशी तपकिरीसारखा भुसा पडलेला दिसला की साल सुरीने उचकटून बघायची. आत मादीने कोरलेली उभी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना अळ्यांच्या आडव्या वाटा. उन्हाळा गरम असेल तर एका वर्षात दोन, कधी तीन पिढ्या. त्या तीन वर्षांनंतर सरकारी अंदाज आला की देशभरात २,७७,००० हेक्टरवर पुन्हा लागवड करावी लागेल. २०१२ च्या राष्ट्रीय वनगणनेत जर्मनीच्या रानांत स्प्रूसचा वाटा पाव हिस्सा होता. २०२२ च्या गणनेत तो २१ टक्क्यांवर आला आणि पहिला नंबर पाइनकडे गेला.

यावरून ‘सूचिपर्णी वाईट, रुंदपर्णी चांगली’ असा निष्कर्ष काढून काही जण येतात. तो सोडून द्या. त्याच दुष्काळात शेजारच्या थुरिंगियातल्या हाइनिश राष्ट्रीय उद्यानातले मोठमोठे बीचसुद्धा शेंड्याकडून वाळले, आणि ते जंगल तर बीचचं घरचंच. शिवाय घरांच्या छपरांना, बांधकामाला लागणारं लाकूड मुख्यतः सूचिपर्णी. म्हणून आता प्रश्न उलट्या बाजूनेही विचारला जातो: बीचच्या रानात सूचिपर्णी किती आणि कशी मिसळायची? ग्योटिंगेनमध्ये २०१७ पासून यावरच एक मोठा संशोधन गट काम करत आला आहे. त्यांच्या आठ ठिकाणी पाच-पाच रानं शेजारी-शेजारी निवडली आहेत: नुसता बीच, नुसता स्प्रूस, नुसता डग्लस फर आणि बीचबरोबर या दोघांची एकेक जोडी.

असं जोडीचं रान बघायचं तर पावसात बघा. बीचची साल गुळगुळीत, फांद्या वर उचललेल्या. पाणी फांदीवरून खोडावर आणि खोडावरून काळा ओघळ होऊन थेट मुळाशी उतरतं. दहा पावलांवरच्या स्प्रूसखाली मात्र हलक्या पावसात जमीन कोरडी. सुयांमध्येच पाणी अडकतं आणि तिथूनच उडून जातं, तेही वर्षभर, कारण पानगळ नाही. खाली वाकून बोटाने थर उकरला तर स्प्रूसखाली सुयांचा आंबट, हळू कुजणारा गादीसारखा थर लागतो. बीचची पानं मिसळलेली असतील तिथे तो पातळ होतो. मुळांतही फरक: स्प्रूस वरवर पसरतो, म्हणून वादळात सपाट उलथतो, बीच आणि फर खोल जातात. दुष्काळातही दोघांची चाल वेगळी. स्प्रूस पर्णरंध्रं लवकर मिटून घेतो, बीच बराच वेळ उघडी ठेवून पाणी पीत राहतो. म्युनिकजवळच्या क्रांत्सबेर्ग जंगलात मोठ्या झाडांखाली छप्पर घालून, पाऊस अडवून हे मोजलं आहे. म्हणजे मिश्रणाचा फायदा आहे, पण तो कुणाला होतो आणि कधी होतो हे जमिनीवर आणि हवामानावर ठरतं. सरसकट ‘मिश्र रान जास्त उत्पन्न देतं’ असं प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबवतील.

नवख्याला सगळ्यात अवघड जाते ती मांडणी. एक स्प्रूस, एक बीच, पुन्हा एक स्प्रूस असं आलटूनपालटून लावलं की कागदावर छान दिसतं. रानात काही वर्षांनी एक जात दुसरीच्या डोक्यावर चढते आणि मिश्रण संपतं. ओकजवळ बीच लावला तर ओक हमखास दबतो. म्हणून जाती गटागटाने लावतात. गट इतका मोठा ठेवतात की वाढल्यावरही त्यातलं एखादं चांगलं झाड टिकेल. दुसरा उपाय वेळेचा: स्प्रूस तोडायच्या कितीतरी वर्षं आधी, त्याच्याच विरळ केलेल्या सावलीत बीच आणि फर लावायचे. दोघांनाही सावली चालते, त्यांना आधी सुरुवात मिळते. आणि हे सगळं हरणं खाऊन टाकू शकतात. फर आणि ओकचे कोवळे शेंडे त्यांना फार आवडतात, कुंपणाचा खर्च मोठा, त्यामुळे शिकार हा इथे अभ्यासक्रमाचा विषय आहे. आपल्याकडून गेलेल्याला ते सुरुवातीला पचत नाही. पटलं नाही तरी आकडे शिकून घ्या.

आता व्यवहार. ग्योटिंगेन ज्या राज्यात आहे त्या लोअर सॅक्सनीत परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क नाही, फक्त दर सत्राची वर्गणी. वनशास्त्र शिकवणारं दुसरं विद्यापीठ, फ्रायबुर्ग, ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या पदवीची कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, लागतं. त्याला वेळ लागू शकतो, अर्जाच्या खूप आधी सुरू करा.

अभ्यासक्रम इंग्रजीत मिळतो, रान मिळत नाही. फिल्डवर वनपाल जर्मनच बोलणार, तेही तिथल्या हेलात. जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी करून आलात तर पहिल्याच उन्हाळ्यात मोजणीचं विद्यार्थी-काम मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मोजताना एक लक्षात ठेवा: आपण खोडाचा व्यास १.३७ मीटरवर घेतो, इथे १.३० वर. गोचिडांसाठी पायमोजे पँटवर ओढा, संध्याकाळी अंग तपासा. त्यांच्यापासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस आहे, पण गोचिडांपासूनच होणाऱ्या लाइम या दुसऱ्या रोगावर ती चालत नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. सरकारी वनसेवेत शिरायला पदवीनंतरचं प्रशिक्षण आणि अस्खलित जर्मन लागतं. आपल्यातल्या फार थोड्यांना तो रस्ता जमेल. संशोधन, रिमोट सेन्सिंग (उपग्रहचित्रांवरून रानांचा अभ्यास), कार्बन मोजणी आणि लाकूड प्रमाणीकरण या क्षेत्रांत दारं जास्त उघडी आहेत, आणि तिथे आर ही संगणकाची भाषा व सांख्यिकी येत असेल तर झाडांची लॅटिन नावं थोडी कमी आली तरी चालतं. परत यायचं असेल तर प्रबंधाचा विषय स्प्रूसवर घेऊ नका. मांडणी, सावली आणि विरळणीचा हिशोब यावर घ्या. सागाच्या एकसुरी लागवडीत ऐन, शिसव, बांबू मिसळायचं म्हटलं तर तोच लागेल.