डोळ्याचा आणि भोवतालच्या भागाचा कर्करोग: खुणा कशा ओळखाव्यात आणि नागपुरात पुढे काय करावे

डोळ्याचा कर्करोग नेमका कोठे सुरू झाला, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आतील पडदा, पांढऱ्या भागावरील पातळ आवरण, पापणी आणि डोळ्याची हाडांची खोबण या चार ठिकाणचे आजार वय, लक्षणे आणि उपचार या तिन्ही बाबतींत वेगळे असतात. त्यांची पहिली खूण बहुधा घरच्यांनाच दिसते. सुरुवातीला दुखत मात्र क्वचितच, आणि म्हणूनच दिवस वाया जातात.

लहान मुलांमध्ये पडद्याचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला आणि बहुधा पाच वर्षांच्या आत होतो. बारशाचे, वाढदिवसाचे फ्लॅश लावून काढलेले फोटो काढून नीट पाहावेत. समोर पाहणाऱ्या मुलाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळसर दिसत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. मूल किंचित बाजूला पाहत असेल तर निरोगी डोळाही असा चमकतो आणि मोतीबिंदूनेही बाहुली पांढरी दिसते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण हा निवाडा घरी बसून करता येत नाही. तिरळेपणा ही दुसरी खूण आहे, आणि ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ म्हणून नेमकी तीच सोडून दिली जाते.

या आजारात डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत, कारण त्यामुळे पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. भूल देऊन केलेली तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवर निदान होते. आजार डोळ्यापुरता असतानाच सापडला तर मूल बहुधा वाचते आणि केमोथेरपी, लेसर किंवा गाठ गोठवण्याचा उपचार यांनी अनेकदा डोळाही वाचतो. गाठ फार वाढलेली असल्यास डोळा काढावा लागतो. हे ऐकताच काही कुटुंबे उपचार सोडून झाडपाल्याकडे वळतात आणि तेवढ्या अवधीत आजार दृष्टीच्या नसेतून मेंदूकडे सरकू शकतो. कृत्रिम डोळा साधारण दीड महिन्यानंतर बसवता येतो, हे आईवडिलांना आधीच सांगायला हवे. आजार दोन्ही डोळ्यांत असेल तर तो जवळजवळ नेहमीच आनुवंशिक असतो. एकाच डोळ्यात असला तरी ती शक्यता उरतेच, म्हणून भावंडांचेही डोळे तपासावेत.

प्रौढांमध्ये सर्वाधिक फसवणूक पापणी करते. पापणीतील तेलाच्या ग्रंथींचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात बराच जास्त आढळतो आणि तो हुबेहूब रांजणवाडीचे सोंग घेतो. एकदा कापलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली, तिच्यावरच्या पापणीचे केस गळले, कड जाड झाली किंवा एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहिला, तर शेक आणि थेंब पुरे झाले असे समजावे. कापलेला तुकडा तपासणीला पाठवला का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. यात संकोच कसला? तो तुकडा ठेवलेली फॉर्मालिनची (तुकडा टिकवणाऱ्या द्रावाची) बाटली नातेवाइकांच्या हाती दिल्यास तिच्यावर नाव, तारीख आणि डोळा उजवा की डावा हे लिहिले आहे ना, ते पाहून ती त्याच दिवशी पॅथॉलॉजीत पोहोचवावी.

उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यात काळ्या-पांढऱ्या भागाच्या सीमेवर पांढरट किंवा जेलीसारखा उंचवटा येतो आणि ‘मांस वाढले’ म्हणून तो वर्षानुवर्षे राहू दिला जातो. बहुतेकदा ते खरोखरच साधे मांस असते, पण त्याच जागी आवरणाचा कर्करोगही होतो. त्याचे मोठे कारण उन्हातील अतिनील किरणे हे असून एचआयव्ही असलेल्यांना धोका अधिक असतो. नागपूरच्या उन्हात दुपट्टा गुंडाळल्याने डोके वाचते, डोळे नव्हे. अतिनील किरणे अडवणारा गॉगल आणि रुंद काठाची टोपी हवी. लहान डाग औषधी थेंबांनी किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

खोबणीत गाठ वाढली की डोळा पुढे येऊ शकतो, पण प्रौढांत डोळा पुढे येणे हे बहुधा थायरॉइडमुळे होते. मुलाचा डोळा काही दिवसांतच पुढे येऊ लागला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळ्याच्या आतील मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, आपल्याकडे विरळ आहे.

नागपुरात सुरुवात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधील एम्सच्या नेत्रविभागापासून करावी. कर्करोगाच्या पुढील उपचारांसाठी मानेवाडा रोडचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. जाताना जुने फोटो, आधीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणि पॅथॉलॉजीचा अहवाल न्यावा. शक्य असल्यास मूळ स्लाइड, म्हणजे तपासलेल्या तुकड्याची काचपट्टीही मागून घ्यावी, कारण ती दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा पाहता येते. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी चौकशी करावी.