महिनाभर धीर देणाऱ्या कादंबऱ्या

रात्री अंथरुणात रहस्यकथा वाचल्याने माझी झोप उडत असे. म्हणून महिनाभर केवळ धीर देणाऱ्या, शेवट गोड असलेल्या कादंबऱ्याच वाचायच्या, असे मी ठरवले. पहिला आठवडा फसला, कारण प्रकरण संपवूनच थांबायच्या सवयीने मध्यरात्र उलटून जाई, आणि प्रकरणाचा शेवट तर बहुधा वाचकाला पुढे ओढण्यासाठीच रचलेला असतो. मग मी प्रकरणाच्या मध्येच, आजी नातवाच्या सदऱ्याला बटण लावत बसली आहे अशा एखाद्या निवांत प्रसंगी, खूण घालून पुस्तक मिटू लागलो. हा उपाय लागू पडला. पूर्वी वाचलेली कादंबरी सर्वांत गुणकारी ठरली, कारण पुढे काय होणार ही धास्तीच उरत नाही. पुनर्वाचनाला मी उगाच वेळेचा अपव्यय मानत होतो. तिसाव्या रात्री जेमतेम 10 पाने झाली आणि खूण घालायचीही राहून गेली.