खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फिल्टर निवडताना या चुका टाळा

सांगलीत ज्यानं वर्षानुवर्षं गप्पी, गोल्डफिश सांभाळलेत, तो समुद्री टाकी लावताना पहिली चूक दुकानातच करतो. सवयीचाच फिल्टर, फक्त मोठा घेतो. मीही स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्यांनी भरलेला कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर घेतला. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायचं, पण दीड महिन्यात दगडांवर शेवाळाचा थर चढला आणि नायट्रेट लिटरमागं पन्नास मिलिग्रॅमच्या पुढं गेलं.

कारण साधं आहे. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात. कॅनिस्टर घाण अडवतो, बाहेर काढत नाही. ती त्याच पाण्यात कुजत राहते. कॅनिस्टर वापरायचाच असेल तर स्पंज दर आठवड्याला धुवा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुतला तर कामाचे जिवाणूच मरतात.

प्रोटीन स्किमर घाण कुजायच्या आधीच उचलतो. बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय कण चिकटतात आणि फेस होऊन वरच्या कपात जमतात. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होऊन फुटतात, म्हणून आपल्याला हे यंत्र माहीतच नसतं. माझ्या कपात पहिल्यांदा जमलेलं पाणी कडक चहासारखं होतं आणि वासानं नाक धरावं लागलं. एवढं सगळं आतापर्यंत माशांच्या श्वासात होतं, हे तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

साठ-सत्तर लिटरच्या टाकीत एक-दोन लहान मासे असतील, तर मागं टांगायचा फिल्टर आणि दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलणं पुरतं. दीडशे लिटरच्या पुढं मात्र दगड, स्किमर आणि सम्प, म्हणजे खाली ठेवलेली दुसरी टाकी, हीच मांडणी घ्या.

खरे जिवाणू दगडात राहतात. त्यासाठी समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड कुणी देऊ केला तरी घेऊ नका; प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार संरक्षण आहे. कोरडा सच्छिद्र दगड आणि बाटलीतले जिवाणू घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासा आणू नका. चार ते सहा आठवडे लागतात. इथं घाई केली की मासे जातात.

आता लाईटचं. वळवाच्या पावसात आमच्याकडं रात्रभर लाईट गेली. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी हलत नाही, ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरतात. सकाळी लाईट आल्यावर तो आपोआप सुरू झाला आणि सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी थेट टाकीत गेलं. दोन मासे गेले. म्हणून लाईट तासन् तास गेली, तर आधी प्लग काढा, कॅनिस्टर उघडून ते पाणी ओतून द्या, धुवा, मग लावा. टाकीत बॅटरीवरचा एअर पंप सोडून ठेवा.

सम्पवाल्यांचं संकट वेगळं. पंप थांबला की परतीच्या नळीतून पाणी उलटं ओढलं जातं आणि सम्प भरून फरशीवर येतो. नळीला टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडा आणि पहिल्याच दिवशी मुद्दाम पंप बंद करून पाहा, सम्प भरून वाहतो का.

उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ आटत नाही. भरणा साध्या आरओच्या पाण्यानं करा, मिठाच्या नाही. खारेपणा दाखवणारी विशिष्ट घनता 1.025 च्या आसपास ठेवा. बोअरचं पाणी तर घालूच नका.

नवा स्किमर पहिले आठवडा-दोन आठवडे नीट फेस काढत नाही. रोज नॉब फिरवत बसू नका. जुना स्किमर अचानक मंदावला, तर दुरुस्तीला नेण्याआधी कपाची मान बघा. तिथं तेलकट पापुद्रा धरला की फेस वर चढत नाही. दर दोन-तीन दिवसांनी तो ओल्या फडक्यानं पुसून घेतला की फेस लगेच चढायला लागतो.